कोल्हापूरच्या पेठेत, हंगाम सुरू होण्याआधी

यंदा दिवाळीच्या सुट्टीत कुठे जायचे, हा प्रश्न आमच्या घरी पडलाच नाही. नववीतल्या चिरंजीवांनी तो ऑगस्टमध्येच सोडवून ठेवला होता. "कोल्हापूरला, खालाकडे. हंगाम सुरू व्हायच्या आधी." हंगाम म्हणजे उसाचा नव्हे, फुटबॉलचा. सोलापूरच्या माणसाला हंगाम म्हटले की साखर कारखाना आठवतो. कोल्हापूरच्या पेठेत त्या शब्दाचा पहिला अर्थ वेगळा आहे, हे तिथे गेल्यावर कळले.

वाचकांना वाटेल, उर्दू-मराठी शिकवणाऱ्या बाईंना फुटबॉलचे काय? त्याचे असे झाले, आमच्या शाळेत क्रीडाशिक्षकाची जागा बराच काळ रिकामी आहे. दोन वर्षांपूर्वी फुटबॉलचा संघ आमच्या गळ्यात पडला. "मॅडम, तुमचा आवाज मैदानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत जातो," एवढीच आमची पात्रता. ऑफसाइडचा नियम आम्ही पाच वेळा वाचला. सहाव्या वेळी मुलाने दस्तरख्वानावर चहाचे कप मांडून दाखवला, तेव्हा तो समजला.

आमची मुले सिद्धेश्वर तलावाजवळच्या होम मैदानावर खेळतात. कुणाचे वडील यंत्रमागावर, कुणाची आई घरी विड्या वळते. बुटांचे जोड सात, खेळाडू अकरा. मैदानावर पहिला हक्क क्रिकेटचा. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेचा गड्डा भरला की पाळणे आणि दुकाने येतात, मग आमचा चेंडू पिशवीत जातो. गेल्या वर्षी शहराच्या शालेय स्पर्धेत पहिल्याच सामन्यात आम्ही सहा गोल खाल्ले. त्यानंतर सरावाला येणारी मुले एकेक करून गळू लागली. आणि आमचा मुलगा म्हणू लागला, "अम्मी, इथे काही होणार नाही. मी खालाकडे राहतो आणि तिकडेच खेळतो."

म्हणजे ही सहल नुसती सहल नव्हती. चौदा वर्षांच्या मुलाला घरापासून लांब ठेवायचे की नाही, हे ठरवायला आम्ही निघालो होतो.

सोलापूरहून कोल्हापूर एसटीने पाच तासांच्या पुढचे. मंगळवेढा मागे पडले की ज्वारीची काळी राने, सांगोल्याकडे डाळिंबाच्या बागा, आणि मिरज जवळ आली की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस. मिरजेला गाडी थांबली तेव्हा मुलांच्या अब्बांनी मुलांना ख्वाजा शमसुद्दीन मीरासाहेबांच्या दर्ग्याची, उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांची आणि सतार बनवणाऱ्या घराण्यांची माहिती द्यायला सुरुवात केली. मुलगी ऐकत होती. मुलगा खिडकीतून कुठे मैदान दिसते का ते पाहत होता.

आमच्या थोरल्या आपा लग्न होऊन कोल्हापूरला गेल्या त्याला पंचवीस वर्षे होत आली. त्यांचा धाकटा मुलगा, आमचा भाचा, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि पेठेतल्या एका छोट्या तालमीच्या संघात बचावफळीत खेळतो. त्या तालमीचे नाव आम्ही लिहीत नाही. भाच्याने कसम घातली आहे, "खाला, नाव छापू नका, हंगामाच्या आधी नजर लागते." आमचा नजरेवर नसला तरी वचनावर विश्वास आहे, म्हणून नाव राहू दे.

तालीम हा शब्द आपल्याला उर्दूतून शिक्षण या अर्थाने ओळखीचा. कोल्हापुरात तालीम म्हणजे लाल मातीचा आखाडा, जिथे वस्ताद पोरांना कुस्ती शिकवतो. शाहू महाराजांनी या शहराला कुस्तीचे वेड लावले आणि 1912 साली खासबागेचे भव्य मैदान उभे राहिले. पुढे याच तालमींनी फुटबॉलही आपलासा केला. म्हणून इथल्या संघांची नावे जगात कुठे ऐकायला मिळणार नाहीत अशी: पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, संध्यामठ तरुण मंडळ, उत्तरेश्वर प्रासादिक वाघाची तालीम. त्यांच्यात एक प्रॅक्टिस क्लबही आहे आणि पोलिसांचा संघही. दिलबहार हे नाव ऐकून मुलीने विचारले, "अम्मी, हे उर्दू आहे ना?" आहेच. फारसी-उर्दूतला हा शब्द पेठेतल्या आजीच्या तोंडी इतका मराठी झाला आहे, की तो कुठून आला हे कुणी विचारत नाही.

या सगळ्यांची लीग कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन चालवते, लोक तिला के.एस.ए. म्हणतात. वरिष्ठ गटात सोळा संघ. त्यांच्या खाली ए, बी, सी असे गट. वरिष्ठ गटात तळाला राहिलेल्या संघाला खाली उतरावे लागते आणि खालचा वर येतो. पावसाळा संपला, दिवाळी झाली की खेळाडूंची नोंदणी होते, मग शाहू स्टेडियमवर लीग सुरू होते, आणि लीगनंतर महापौर चषकासारख्या बाद पद्धतीच्या स्पर्धा उन्हाळ्यापर्यंत चालतात. भारतीय फुटबॉलच्या शिडीवर ही लीग फार खालच्या पायरीवर आहे. वर इंडियन सुपर लीग, मग तिच्या खालच्या राष्ट्रीय लीग. पण सामन्याच्या दिवशी पेठेत जाऊन कुणाला सांगा की तुमची लीग खालची आहे! चहा मिळणार नाही.

पहिल्या दिवशी असरनंतर भाच्याने आम्हाला शाहू स्टेडियम दाखवले. पायऱ्या रिकाम्या होत्या, गवताची डागडुजी चालली होती. तो बोट दाखवून सांगत होता, इथे या पेठेचे लोक बसतात, तिथे त्या पेठेचे. दोन्हींच्या मध्ये पोलीस. मोठ्या संघांच्या सामन्यात हुल्लडबाजी होते, शिव्या होतात, कधी दगडही. सामना थांबवावा लागल्याचे प्रसंगही आले आहेत. हे लपवून कोल्हापूरच्या फुटबॉलचे कौतुक करण्यात अर्थ नाही. आपांनी अजून एकही सामना स्टेडियममध्ये बसून पाहिलेला नाही. त्या मोबाइलवर पाहतात आणि भाचा पडला की फोन उलटा ठेवतात.

रात्री जेवणानंतर दुल्हाभाईंच्या ओट्यावर पेठेतली चार माणसे जमली आणि यंदाचा हंगाम कसा जाईल याचा हिशेब मांडला गेला. वर्गात प्रगतिपुस्तक भरावे तसा आम्ही तो वहीत उतरवून घेतला.

वजाबाकी आधी. गेल्या हंगामात संघ खाली जाता जाता वाचला. शेवटच्या सामन्यात बरोबरी, एक गुण, आणि त्या एका गुणावर वरिष्ठ गटात मुक्काम. सर्वांत जास्त गोल करणारा मुलगा मोठ्या तालमीने चांगले मानधन देऊन नेला. दोन जण नोकरीला लागले, अल्हम्दुलिल्लाह, पण मधली फळी रिकामी झाली. मोठे संघ नायजेरियासारख्या देशांतून आणि गोव्या-मुंबईतून खेळाडू आणतात. छोट्या तालमीजवळ तेवढा पैसा नाही. आणि सरावाचे मैदान पावसाळ्यात तळे होते. शिवाजी पेठेतल्या गांधी मैदानाची ही तक्रार कोल्हापुरात जुनी आहे. पाणी ओसरेपर्यंत सरावाचे कितीतरी दिवस बुडतात.

आता बेरीज. गोलरक्षक टिकला, दुसरीकडून बोलावणे असूनही गेला नाही. खालच्या वयोगटातून तीन मुले वर आली आहेत. जर्सीचा खर्च एका दुकानदाराने उचलला. आणि बचावफळीतले चौघे सलग तिसऱ्या वर्षी एकत्र खेळणार आहेत. भाचा त्यांपैकी एक. ओट्यावरचे एक वयस्कर काका म्हणाले, "गोल मारणारा विकत मिळतोय ताई. चौघांची समज इकत मिळत न्हाई. त्याला तीन वर्षं एका ताटात जेवायला लागतंय."

हे वाक्य आम्ही वहीत अधोरेखित केले.

सगळे उठून गेल्यावर आपांनी एक गोष्ट सांगितली. आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या मनात कोल्हापूरचे नाव काढले की 2023 चा जून येत असेल. मोबाइलवरच्या स्टेटसवरून शहरात दंगल झाली होती. पुढच्या वर्षी, जुलै 2024 मध्ये, विशाळगडाच्या पायथ्याच्या गजापुरात आपल्या लोकांची घरे फोडली गेली. आम्हीही मुलाला तिकडे ठेवायचे म्हटल्यावर आधी त्याच बातम्या आठवल्या होत्या, खोटे कशाला सांगा.

2023 च्या त्या आठवड्यात आपांनी मुलाला सरावाला पाठवणे बंद केले. तो तेव्हा खालच्या गटात खेळत होता. चार दिवस गेले. पाचव्या दिवशी संध्याकाळी तालमीचे दोन वडीलधारे दारात उभे. आपांना वाटले, आता हे म्हणणार, थोडे दिवस न आलेलेच बरे. ते आत आले, चहा घेतला, पावसाचे बोलले. उठताना मुलाला म्हणाले, "सोमवारी सहाला ये. गेटवर मी हाय." बस्स, इतकेच. सोमवारी ते खरोखर गेटवर होते. मंगळवारीही होते. आपा म्हणाल्या, "उन्होंने भाषण नहीं दिया. दरवाज़े पे खड़े रहे."

कोल्हापूरच्या तालमींत हे अचानक आलेले नाही. बाबूजमाल दर्ग्याचा नाल्या हैदर पंजा शहरात सर्वांना माहीत आहे. 2018 आणि 2019 साली मोहरम आणि गणेशोत्सव एकत्र आले, तेव्हा कित्येक तालमींत पीर आणि गणपती एका छताखाली होते. पंजे-ताबुतांविषयी आपल्यात मतभेद आहेत, ते इथे काढायचे कारण नाही. सांगायचे एवढेच, की ज्या तालमीची जागा आधीपासून सगळ्यांची होती, तिथे वाईट दिवसांत एका मुलासाठी गेटवर उभे राहणारे दोघे तरी निघाले. प्रत्येक ठिकाणी निघतात असे नाही. म्हणून जिथे निघाले, तिथे त्यांची नोंद करावी.

फुटबॉल आणि आपली माणसे म्हटले की आपल्या घरांत एकच नाव निघते, कोलकात्याचे मोहम्मडन स्पोर्टिंग. 1891 साली स्थापन झालेला हा क्लब. 1934 ते 1938 सलग पाच वर्षे त्याने कलकत्ता लीग जिंकली. त्याआधी कोणत्याही भारतीय संघाला ती एकदाही जिंकता आली नव्हती. 1940 साली ड्युरँड चषक जिंकणाराही तो पहिला भारतीय संघ, आणि त्याच वर्षी मुंबईचा रोव्हर्स चषकही त्याच्याकडे गेला. दुल्हाभाईंचे वालिद त्या संघाच्या गोष्टी त्यांच्या वडिलांकडून ऐकलेल्या सांगतात, जणू स्वतः पाहिल्या असाव्यात. मग बरीच दशके पडता काळ. 2023-24 ला क्लबने आय-लीग जिंकली आणि इंडियन सुपर लीगमध्ये प्रवेश मिळवला, तेव्हा आमच्या मुलाने मिठाई आणायला लावली होती. पुढच्याच हंगामात तो तेरा संघांत तेराव्या क्रमांकावर राहिला. खेळाडूंच्या थकलेल्या पगाराच्या बातम्या आल्या. वर चढणे एक, वर टिकणे दुसरे.

आणि खुद्द त्या मोठ्या लीगचे काय झाले? हक्कांच्या कराराचा प्रश्न सुटेना म्हणून 2025 च्या जुलैमध्ये इंडियन सुपर लीगच स्थगित झाली. आम्ही कोल्हापुरात होतो तेव्हाही ती सुरू झालेली नव्हती. देशातले सर्वांत महागडे खेळाडू घरी बसलेले, आणि इकडे पेठेत जर्सीवर नंबर छापायला गेलेले! दुल्हाभाई हसून म्हणाले, "उनका करार काग़ज़ पे है, हमारा ओटे पे." हसण्यावारी नेले, पण बरीच रात्र आम्ही त्याचा विचार करत होतो.

दुसऱ्या दिवशी फजर पढून आम्ही सगळे गांधी मैदानावर गेलो. धुके होते, जमीन एका कोपऱ्यात अजून ओलीच. मुले दोघे-चौघे करून येत होती. कुणी रात्रीच्या पाळीवरून थेट आलेला, कुणी दूध घालून. प्रशिक्षक वयाने फार मोठे नव्हते. स्वतः पूर्वी खेळलेले, आता दिवसा नोकरी आणि सकाळी हे. सरावाला सुरुवात करण्यापूर्वी त्यांनी वही काढली आणि हजेरी घेतली. शाळेबाहेर कुणी इतक्या गांभीर्याने हजेरी घेताना आम्ही प्रथमच पाहिले.

आमच्या चिरंजीवांनाही त्यांनी खेळायला घेतले. अर्ध्या तासात मुलाचा चेहरा उतरला. इथली त्याच्याच वयाची मुले त्याच्यापेक्षा वेगवान होती असे नाही. ती न पाहता चेंडू देत होती, कारण पुढचा कुठे असेल हे त्यांना ठाऊक होते. हा मात्र दर वेळी मान वर करून शोधत होता.

सराव संपल्यावर आम्ही प्रशिक्षकांना सरळ विचारले, "यंदा संघ वरिष्ठ गटात टिकेल का?"

त्यांनी वही दाखवली. "ताई, हे बघा. पंधरा पोरं रोज आली, तर टिकतंय. अकरा खेळाय, चार बदली. एखादा पाय मुरगळला, एखाद्याची परीक्षा आली, तरी गाडी चालतीय. बारावर आली की शेवटच्या वीस मिन्टांत दम जातोय, आणि आपण गोल तिथंच खातोय. गेल्या वर्षी फेब्रुवारीत बारावर आलोतो."

"आणि आमचा मुलगा?"

ते जरा थांबले. "पाय चांगले हायत. ठेवा हवं तर. पण एक सांगू? तिकडं सोलापुरात ह्याच्याबरोबर खेळणारी पोरं किती हायत?"

आम्ही आकडा सांगितला नाही. सांगण्यासारखा नव्हता.

तिथून भाच्याने आम्हाला गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर नेले. समोर म्हशीची धार काढून फेसाळ दूध ग्लासात देतात. पैलवानांची ही जुनी सोय आता फुटबॉलवालेही वापरतात. मुलगी म्हणाली, "मुली खेळत नाहीत का इथे?" खेळतात की. एफसी कोल्हापूर सिटीचा महिलांचा संघ 2019-20 च्या इंडियन विमेन्स लीगपर्यंत पोहोचला होता. हे ऐकून तिने दुसरा ग्लास मागितला. याच शहराचा अनिकेत जाधव 2017 च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, हे मुलाला आधीच पाठ होते. परतताना दसरा चौकात मुस्लिम बोर्डिंगपुढे थोडे थांबलो. 1906 साली शाहू महाराजांनी आपल्या मुलांच्या शिक्षणासाठी सुरू केलेले हे वसतिगृह. आपा तेवढ्यात म्हणाल्याच, "खेल अच्छा है, पर दसवीं का क्या?" खालाच्या घरात राहायचे तर खालाचा प्रश्न टाळता येत नाही. भाचा तालमीत टिकला तो दर वर्षी पास होऊनच, हेही त्यांनी ऐकवले.

निर्णय परतीच्या एसटीत झाला, आणि तो आम्ही नाही, मुलाने घेतला. सांगोला ओलांडल्यावर तो म्हणाला, "अम्मी, दहावीपर्यंत सोलापुरातच राहतो. तिकडे गेलो तर मी सुधारेन. पण मग इथे दहाच उरतील." आम्ही खिडकीबाहेर पाहत राहिलो. आईने अशा वेळी काही बोलू नये. दहावीनंतर इन्शाअल्लाह पाहू.

त्या छोट्या तालमीचा हंगाम कसा जाईल? आमचा अंदाज विचाराल तर, जिंकणार नाहीत. पहिल्या आठातही येणे अवघड. पण हजेरीची वही पंधरावर राहिली तर खालीही जाणार नाहीत. सोळा संघांच्या लीगमध्ये तळाशी टिकून राहणे हीसुद्धा कमाई आहे. त्यामुळेच पेठेतल्या दहा वर्षांच्या पोराला कळते, की आपल्या गल्लीतून शाहू स्टेडियमपर्यंत रस्ता आहे.

सोलापुरात आल्यावर दुसऱ्याच दिवशी आम्ही शंभर पानी वही घेतली आणि तारखांचे रकाने आखले. मुलांच्या अब्बांनी गेटवर उभे राहायची जबाबदारी स्वतःहून घेतली. होम मैदानाला तसे गेट कुठले, पण ते एका ठरलेल्या झाडाखाली उभे राहतात आणि येणाऱ्या प्रत्येक मुलाला सलाम करतात. गड्ड्याच्या दिवसांत सराव कुठे घ्यायचा, हे अजून ठरलेले नाही. एका ओळखीच्या शाळेचे पटांगण मागितले आहे. बुटांचे जोड आता नऊ झाले, दोन भाच्याने पाठवले.

आज सकाळी वहीत अकरा नावांपुढे खूण झाली. चार कमी आहेत. सोलापुरातल्या ज्या वाचकांच्या घरी तेरा ते सोळा वर्षांचा मुलगा उशिरापर्यंत मोबाइल पाहून सकाळी झोपलेला असेल, त्यांनी त्याला फजरनंतर होम मैदानावर पाठवावे. बूट नसले तरी चालतील. झाडाखाली कुणीतरी उभे असेल.